पॅकेजवरचे सालदार

पाडव्याच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा-दिग्रस भागात कोणाच्याही ओट्यावर बसलं की एक गाऱ्हाणं कानावर येतंच : सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, मिळत नाही. लाख-सव्वा लाख देतो म्हटलं, वर ज्वारी देतो म्हटलं, तरी कोणी साल धरायला तयार नाही. मग रेशनच्या फुकट धान्याला शिव्या, मोबाइलला शिव्या, आणि शेवटी 'लोकाईले काम नको झालं' असा निकाल. हेच गाऱ्हाणं गाणारे काका पाच मिनिटांनी सांगतात की त्यांचा पोरगा हिंजवडीला कंपनीत आहे, पॅकेज बारा लाखांचं आहे, आणि "लय बिझी राह्यते थो. फोन उचलाले टाइम नाही त्याले." आवाजात काळजी कमी, अभिमान जास्त.

या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत ऐकल्या की मला हसू येतं आणि रागही येतो. गावातल्या सगळ्यात गरीब माणसाने जो करार झुगारून दिला, तोच करार आपण शिकलेल्या पोरांना हौसेने करायला लावतो आहोत आणि वर त्यांच्या दमण्याचं कौतुक करतो आहोत.

ज्यांनी सालदारी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस एका घरचा. रक्कम ठरलेली, काही ज्वारी, कपड्यांचा जोड, पायात जोडा, आणि सुरुवातीलाच हातात उचल. ती उचल बहुतेक वेळा लेकीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात आधीच गेलेली असायची. कामाचे तास मात्र कोणी ठरवत नसे. पहाटे बैलांचा चारा, मग शेणगोठा, दिवसभर वखर नाहीतर डवरा, संध्याकाळी पुन्हा गोठा, आणि पीक उभं असेल तर रात्री जागल. जागलीत काम म्हणावं असं फारसं नसतं. रानडुकरं आली, रोही आले तर हाकलायचे, नाही आले तर मचाणावर पडून राहायचं. पण ती झोप आपली नसते. एखाद्या दिवशी आला नाही तर खाडा धरला जाई, आणि मध्येच साल मोडलं तर उचल अंगावर.

आता काकांच्या पोराचे कागद बघा. वर्षाची रक्कम ठरलेली. जॉइनिंग बोनस आधीच मिळालेला, आणि ठरल्या मुदतीआधी सोडलं तर तो परत करायचा. सोडायचं म्हटलं तर तीन-तीन महिन्यांची नोटीस. नेमणूकपत्रात आठ-नऊ तास लिहिलेले असतात, पण त्याखाली एक ओळ असते की व्यवसायाच्या गरजेनुसार यात बदल होऊ शकतो. करार चालतो तो त्या ओळीवर. न्यूयॉर्कला सकाळचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे 6:30 आणि हिवाळ्यात 7:30 झालेले असतात. ग्राहक तिकडचा, म्हणून बैठक त्याच्या घड्याळाने. मॅनेजर इकडचा, म्हणून सकाळची हजेरी आपल्या घड्याळाने. आणि 'ऑन-कॉल' म्हणून जी पाळी लावतात ती तर सरळ जागलच आहे. सिस्टीम बंद पडली तर उठायचं, नाही पडली तरी फोन उशाशी घेऊन झोपायचं.

फरक मोठे आहेत, ते झाकायचे नाहीत. सालदाराचं ताट वेगळं असायचं, त्याची जात त्याच्या आधी वाड्यात पोचलेली असायची, आणि त्याच्या वर्षाच्या रकमेत पोराचा जेमतेम एक महिना निघतो. पोराला एसी आहे, विमा आहे, सोडून दुसरीकडे जायची सोय आहे. मी दुःखाची बरोबरी करत नाही. मी कराराची रचना बघतो आहे, आणि ती एकच आहे : माणूस वर्षाने घेतला की त्याचा पुढचा प्रत्येक तास घेणाऱ्याला फुकट पडतो.

निंदणाला येणाऱ्या बायांचं तसं नाही. टोळी सकाळी दहा-अकराला शेतात शिरते आणि पाचला बांधावर येते. "अजून ऊन आहे, एवढ्या दोन ओळी काढून टाका" असं मालकाने म्हणून बघावं. मुकादम बाई आधी जास्तीचे किती देता ते विचारते, आणि पैसे नसतील तर टोळी गावाकडे चालू लागते. कापूस वेचायला किलोचा भाव, सोयाबीनची सोंगणी एकराच्या गुत्त्यावर. मजुरी कमी आहे, फारच कमी आहे. पण तिच्या तासाला किंमत आहे, म्हणून तिचा तास उगाच कोणी मागत नाही. बारा लाखवाल्या इंजिनिअरला रात्री साडेनऊला 'पाच मिनिटांचा कॉल' लावायला काहीच खर्च येत नाही. ज्याला खर्च नाही ते माणूस उधळतो, यात मॅनेजरचा स्वभाव चांगला की वाईट हा प्रश्नच येत नाही.

इथूनच दुसरी गोष्ट निघते. पैसे दिलेला माणूस बसलेला दिसला की देणाऱ्याचा जीव खालीवर होतो. पावसाने उघडीप दिली नाही, वखर चालत नाही, तर सालदाराने बसून राहायचं नाही. अंबाडीचे दोर वळायचे. दोरांची गरज असो नसो. माझ्या लहानपणी एका घरी दोरांची एवढी वेटोळी टांगलेली असत की तेवढे बैल अख्ख्या गावात नव्हते. कंपन्यांमधल्या व्यग्रतेतला किती हिस्सा असा दोर वळण्याचा आहे, हे तिथल्या पोरांनाच विचारा. सकाळी उभ्या-उभ्या घेतलेली बैठक, त्या बैठकीचा गोषवारा, तो दाखवायची स्लाइड, ती स्लाइड ठरवायला दुसरी बैठक. माणूस कामावर आहे हे दाखवणारा स्क्रीनवरचा नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून माउस हलवत राहणारं यंत्र बाजारात मिळतं, यापेक्षा वेगळा पुरावा काय द्यायचा? शेतात वखरलं की वखरलेलं दिसतं. संगणकावरचं काम तसं बाहेरून दिसत नाही, म्हणून काम करणाऱ्याला स्वतःलाच दिसत राहावं लागतं.

यात भीतीही आहे. 2025 च्या जूनमध्ये टीसीएसने नियम केला की वर्षात किमान 225 दिवस माणूस ग्राहकाच्या बिलावर असला पाहिजे आणि 35 दिवसांपेक्षा जास्त 'बेंच'वर, म्हणजे ग्राहकाच्या कामाविना, बसता कामा नये. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे 12 हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं. अशा हवेत रिकामं दिसण्याची हिंमत कोण करणार? शिवाय कामं मिळवताना बोली कमीत कमी लावायची ही या धंद्याची रीत आहे. दहा माणसांचं काम सात माणसांच्या पैशांत घेतलं जातं आणि उरलेल्या तिघांचे तास त्या सातांच्या रात्रींतून काढले जातात. वेळेचं नियोजन शिकवणाऱ्या कार्यशाळा या सातांसाठीच भरवल्या जातात, बोली लावणाऱ्यांसाठी नाही.

वरच्या मंडळींनी याला देशसेवेचा रंग दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचं बोलणं बाहेर आलं. ते 90 तासांवर गेले, रविवारीही कामाला बोलावता येत नाही याची त्यांना खंत होती, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार असंही त्यांनी विचारलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेला अभ्यास सांगतो की आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. 2016 या एका वर्षात जगभरात 7 लाख 45 हजार माणसं अशा लांब तासांपायी गेली असा त्यांचा अंदाज आहे. आणि ते 90 तास सोडा, 70 तास तरी कोणाच्या जोरावर निघतात? 2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाचे 289 मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे 88. पुरुषाच्या व्यग्रतेखाली बाईचं न मोजलेलं काम असतं, आणि दोघंही कंपनीत असतील तर ते काम तिसऱ्या कोणाकडे तरी जातं.

ती तिसरी कोण, हे आमच्या गावाला विचारा. पुण्यात नातू झाला की गावातली आजी उचलली जाते. निंदणाच्या ऐन हंगामात, घरी दुभती म्हैस असताना, ती सहाव्या मजल्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसते. खाली उतरली तर ओळखीचं कोणी नाही. इकडे आजोबा स्वतःच्या हाताने भाकर थापायला शिकतात, नाहीतर शेजारून डबा येतो. आमच्या आळीत अशी किती घरं आहेत ते मी मोजत बसत नाही, पण दिवाळी सरली की संध्याकाळी दिवा न लागणारी दारं दिसतात. या आज्यांच्या कामाचा पैसा कोणत्याच कंपनीच्या ताळेबंदात नाही. शेतीतून शिकवलं, शेतीने फी भरली, आणि आता शेतीतली बाईही कंपनीच्या कामाला लागली; हा हिशेब कोणी मांडत नाही म्हणून मी मांडतो.

तसाच हिशेब 'रिकाम्या' पोरांचा. प्रत्येक गावात असे दोन-चार असतात, डी.एड. झालेले, भरतीची वाट बघणारे, लग्न न जमलेले. यांना टोमणे खावे लागतात. पण रात्री कोणाच्या छातीत दुखलं तर गाडी काढून वर्ध्याकडच्या सावंगीच्या नाहीतर सेवाग्रामच्या दवाखान्यात नेणारा हाच असतो. केसपेपर काढणं, रक्ताची बाटली शोधणं, सकाळपर्यंत बाकावर बसणं, सगळं तोच करतो. बिझी मुलगा पुण्याहून फोनवर डॉक्टरांशी इंग्रजीत बोलतो, गूगल पेवरून पैसे टाकतो, आणि शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येऊन सोमवारी परत असतो. तो निर्दयी नाही. त्याच्याकडे वेळ नाही, आणि त्याच्या वेळेच्या बदल्यात कोणाचा तरी वेळ जातोच. गावगाडा ज्यांच्या मोकळ्या वेळावर चालतो त्यांनाच आपण निकामी म्हणतो.

ही रीत आता शहरापुरती राहिलेलीही नाही. आमच्याच पोरांना मायक्रोफायनान्सवाल्यांनी मोटरसायकलवर बसवलं आहे. बायांच्या गटाची बैठक सकाळी सातला, म्हणजे त्या कामाला निघण्याआधी. थकलेल्या हप्त्याची वसुली रात्री, म्हणजे त्या कामावरून आल्यावर. आणि मधल्या वेळात शाखेत बसून आकडे भरायचे. बियाणं कंपनीचा प्रतिनिधी शेतकऱ्याशी दोन मिनिटं बोलतो आणि दहा मिनिटं फोटो काढतो, कारण ठिकाणाच्या नोंदीसह फोटो गेल्याशिवाय त्याची भेट झाली असं धरलं जात नाही. सरकारनेही हेच उचललं. रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून दिवसातून दोनदा फोटो काढून मोबाइलवर हजेरी चढवणं सक्तीचं झालं. टेकाडामागे नेटवर्क नसेल तर खड्डा खोदून झाला तरी मजूर गैरहजर. आशाताईंना आणि अंगणवाडीच्या बायांना 'अर्जंट माहिती' कधीही मागितली जाते, रात्री दहालाही. त्यांचं तर नाव कर्मचारी नाही, मानधनावरची सेविका आहे. बारा लाखांशिवायची सालदारी.

याला उपाय म्हणून जे सांगितलं जातं ते ऐकून करमणूक होते : ध्यान करा, सकाळी चाला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सालदारी काय सालदारांनी ध्यान केल्याने कमी झाली? 1976 मध्ये वेठबिगारीविरोधी कायदा आला. 1977 चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, आणि मालकाने नाही दिलं तरी पाझर तलावावर नाहीतर रस्त्यावर काम मिळेल असा आधार आला. पुढे नागपूर-पुण्याच्या बांधकामांनी माणसं ओढली, स्वस्त धान्याने उपाशी मरण्याची भीती कमी केली. नाही म्हणायला पर्याय मिळाला तेव्हा माणूस नाही म्हणाला. ज्याला काका आळस म्हणतात ती या सगळ्याची कमाई आहे.

कामाच्या वेळेला कायद्याने कुंपण घालावं लागतं हे महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवायला नको. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणलं आणि 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने 1946 मध्ये कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. आमच्या भागातल्या जिनिंग-प्रेसिंगसारख्या हंगामी कारखान्यांना 1934 च्या कायद्यात 60 तासांची मोकळीक होती, ती त्याच दुरुस्तीने 50 वर आणली. सरकी उडणाऱ्या त्या शेडमधल्या मजुराला 1946 मध्ये जी मर्यादा मिळाली, ती काचेच्या इमारतीतल्या इंजिनिअरला कागदावर आहे आणि प्रत्यक्षात नाही.

कागदावर म्हणजे कशी, तेही बघण्यासारखं आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास, जास्त काम झालं तर दुप्पट मजुरी. पण व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना तो लागू नाही. मग कंपन्यांमध्ये दोन वर्षांत पोरगा 'लीड' आणि चार वर्षांत 'असोसिएट मॅनेजर' का होतो, याचं एक कारण समजायला हरकत नाही. हाताखाली एक माणूस नसतो, पण पाटी मॅनेजरची. तपासणीची गत अशी की 2007 पासून चालू असलेल्या एका नामांकित कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती, हे 2024 मध्ये, एक तरुण कर्मचारी गेल्यानंतर झालेल्या पाहणीत उघड झालं. आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काय केलं? 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत रोजचे तास 9 चे 10 करायला, कारखान्यांत 12 पर्यंत न्यायला आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा आस्थापनांत 125 वरून 144 तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 कायम आहेत आणि जादा कामाला दुप्पट पैसे आहेत, असं सरकार सांगतं. ज्यांना मुळात मोजणीच्या बाहेर ठेवलं आहे त्यांना दुप्पट कशाचं देणार?

कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने 2017 मध्ये दिला, ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट 2024 मध्ये. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये तसं खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर एका खासदाराने आणलेलं, लोकसभेत मांडलं. 1970 नंतर एकही खासगी विधेयक संसदेतून कायदा होऊन बाहेर पडलेलं नाही, त्यामुळे त्याचं पुढे काय झालं ते सांगायला नको. मला तर फोनच्या हक्कापेक्षा साधी गोष्ट हवी आहे : पदाचं नाव काहीही असो, ठरल्या तासापुढच्या प्रत्येक तासाचा पैसा. रात्री साडेनऊच्या कॉलचं बिल लागायला लागलं की निम्मे कॉल सकाळपर्यंत थांबू शकतात, हे मॅनेजरच्या आपोआप लक्षात येईल.

लोक म्हणतील, इथे हजारो इंजिनिअर बेकार फिरतात, अटी घालायच्या कोणाच्या जिवावर? बरोबर आहे. सालदारालाही हेच सांगितलं जायचं, की तू नाही तर तुझा भाऊ येईल. एकट्या पोराने अट घातली तर त्याला दार दाखवतील, म्हणूनच पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या 'नाइट्स'सारख्या संघटना उभ्या राहिल्या. गावाकडे मात्र संघटना म्हटलं की बाप घाबरतो : "नोकरी जाईन बाबू, पडू नको तूं त्याच्यात." स्वतः शेतमालाच्या भावासाठी रस्ता अडवलेला बाप हे सांगतो.

आणि या बापाच्या हातात काहीच नाही असंही नाही. साल ठरवताना ओट्यावर दोन माणसं साक्षीला बसत आणि अटी मोठ्याने बोलल्या जात : कोणती कामं याची, कोणती नाहीत, दिवाळीचे किती दिवस, बहिणीच्या लग्नाचे किती. पोळ्याला तर विचारायचीही गरज नसे. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायची कोणाची छाती नव्हती. आता यवतमाळ-अमरावतीच्या कॉलेजांत प्लेसमेंटच्या दिवशी पोरं नेमणूकपत्राचा फोटो घरी पाठवतात आणि बाप त्यातला आकडा तेवढा गावभर दाखवतो. सोयरीक बघायला आलेले पॅकेज विचारतात, फ्लॅट विचारतात, आणि मुलगा घरी किती वाजता येतो हे कोणी विचारत नाही. त्या पत्रातली 'व्यवसायाच्या गरजेनुसार' ही ओळ बापाने पोराकडून वाचून घ्यावी, तिच्या जागी तास लिहून मागायला लावावेत. कंपनी नाही म्हणेल, शंभरातल्या नव्वद नाहीच म्हणतील. तरी आपण पोरगा किती वाजेपर्यंत दिला आहे, हे त्याला सहीच्या आधी कळलेलं असेल.